दोन खोल्या आणि न बोलणारी माणसं

४ मार्च

प्रिय मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझे मेसेज तुला तारेसारखे वाटतात, म्हणून घे ही चांगली चार पानं. मी मजेत आहे. तू कशी आहेस ते विचारत नाही, कारण "दुकान चालू आहे म्हणजे मी चालू आहे" हेच उत्तर येणार.

आधी मोठी बातमी. लग्नाची तारीख ठरली, सात मे! सकाळी कचेरीत जाऊन सह्या आणि दुपारी आमच्या नव्या घरी जेवण. माणसं मोजकीच, जवळची.

दुसरी बातमी ऑफिसातली. बढती नाही, पण आता नोकरीसाठी आलेल्यांच्या मुलाखती मी घ्यायच्या आहेत. आमच्या धंद्यातली मुलाखत म्हणजे नुसत्या गप्पा नसतात हं. समोरच्याला एक कोडं घालायचं आणि म्हणायचं, हे सोडवणारा प्रोग्रॅम इथेच बसून तासाभरात लिही. लिहिताना गप्प बसायचं नाही, डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोलत राहायचं. गंमत अशी की सगळी जुनी कोडी आता इंटरनेटवर उत्तरांसकट मिळतात. पोरं पाठ करून येतात आणि विचार केल्यासारखं तोंड करतात. म्हणून साहेब म्हणाले, "नवा प्रश्न काढा, कुठेही नसलेला."

मी नेमकी लग्नाच्या जेवणाला कोणाला कुठे बसवायचं ते बघत होते. तिथेच मला प्रश्न मिळाला. ऐक. एका घरी जेवण आहे. पाहुणे कोण ते दिलंय, आणि कोण कोणाशी बोलत नाही त्या जोड्या दिल्यात. खोल्या दोनच. न बोलणारे दोघे एका खोलीत येणार नाहीत असं सगळ्यांना बसवता येईल का? येत असेल तर बसवून दाखवणारा प्रोग्रॅम लिहा. साहेब खूश! "कुठून सुचलं?" म्हणाले. मी म्हटलं, "असंच."

असंच नव्हे, ते तुला कळलंच असेल. आई बाहेरच्या खोलीत, तू आतल्या. काका बाहेर, त्यांचा मेहुणा आत. मी सगळं नीट बसवलंय. तुला आणि आईला समोरासमोर यावंच लागणार नाही. येशील ना? तू नसशील तर मी सही करणार नाही, आणि नवरदेव बिचारा पेन हातात धरून उभा राहील.

तुझी,
खारूताई


१३ मार्च

खारूताई,

चार पानं म्हणालीस, तीनच निघाली. मोजण्यापुरतं मला अजून दिसतं.

लग्न ठरलं, फार फार बरं वाटलं. पत्र हातात घेऊन मी शेजारच्या केमिस्टकडे जाऊन सांगून आले. पण एवढी आनंदाची बातमी आणि तिच्यामागोमाग लगेच ऑफिस? जावईबापूंनी अजून पळ काढला नाही हे तुझं नशीब. त्यांना सांग, मावशीकडे येऊन डोळे तपासून जा. तुला पसंत केलंय म्हणजे नंबर असणारच.

तुझा तो प्रश्न मात्र डोक्यात बसला. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी काउंटरवर फ्रेमा मांडल्या. जाड काळी फ्रेम म्हणजे तुझे काका, सोनेरी काडीची काकू, गोल काचांचा तो मेहुणा. जे बोलत नाहीत त्यांच्यामध्ये दोरा बांधला. डावीकडे एक ट्रे, उजवीकडे एक ट्रे. काकांना डावीकडे टाकलं की मेहुणा आपोआप उजवीकडे, मेहुण्याचा दोरा ज्याला बांधलाय तो पुन्हा डावीकडे. अगदी मजेत चाललं होतं. तेवढ्यात एक आजोबा आले, "ही दाखवा" म्हणाले आणि काकांना नाकावर चढवून आरशात बघायला लागले. खाली मेहुणा लोंबकळतोय! "याला दोरी पण मिळते का?" मी म्हटलं, "मिळते, पण मग दोन्ही न्यायला लागतील." न घेताच गेले. तुझ्या कोड्यापायी माझं गिऱ्हाईक तुटलं.

आणि तिसरी खोली का नाही गं? गच्चीवर खुर्च्या टाका आणि भांडखोर मंडळी वर पाठवा. तुझ्या उमेदवारांना माझं हे उत्तर सांग. दोनच खोल्या हव्यात असा हट्ट तुमच्याच धंद्यात चालायचा.

लग्नाला येण्याचं म्हणशील तर मेमध्ये दुकानातला साठा मोजायचा असतो. सगळी कपाटं उपसायची म्हणजे दुकान सोडून निघता येत नाही. जमेलसं वाटत नाही. रागावू नकोस राणी. खोल्या दोन असल्या तरी घराला दार एकच असतं ना. मला बघून ताईचा चेहरा उतरला तर तुझ्या लग्नाच्या दिवशी मला तो बघवायचा नाही. भेट टपालाने पाठवते.

तुझी,
मावशी


२२ मार्च

मावशी,

साठा मोजायचा असतो म्हणे! शाळेच्या प्रत्येक सुट्टीत तुझ्याकडे येऊन काउंटरवर चढून बसायचे मी. तुझा साठा मीच मोजायचे, आणि तो डिसेंबरात. मेमध्ये तू पंख्याखाली घोरतेस. खोटंच बोलायचं तर मला माहीत नसलेलं तरी बोल.

भांडायला आणखी एक पत्र लिहीन. आज दुसरंच सांगायचंय.

माझा प्रश्न झकास चालला होता. जो येतो तो प्रश्न ऐकतो, मान हलवतो आणि धडाधड लिहायला लागतो. काही जणांना जमतं, काहींना नाही. परवा एक बाई आल्या. माझ्याहून मोठ्या, निळा शर्ट, मुलं लहान होती म्हणून मधे बरीच वर्षं घरी होत्या. आवाजात थोडी भीती होती. मी प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी कीबोर्डला हातच लावला नाही. म्हणाल्या, "लिहिण्याआधी एक विचारू?"

"विचारा ना."

"हा हिच्याशी बोलत नाही असं दिलंय. म्हणजे ही पण ह्याच्याशी बोलत नाही, असं धरायचं का?"

मी म्हटलं, "हो, अर्थात."

"अर्थात का?" त्या म्हणाल्या. "नाही म्हणजे, एकानेच बोलणं टाकलं असेल आणि दुसरा वाट बघत असेल, तर त्यांना वेगळं बसवून चुकेल ना? माहिती कोणी दिली, कोणाला विचारून दिली, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

मावशी, मी बसल्या जागी गारच पडले. आमच्याकडे चांगल्या उमेदवाराची खूणच ही की तो आधी शंका विचारतो. मी स्वतः शिकवते सगळ्यांना, गृहीत धरू नका, विचारा. आणि इथे माझाच प्रश्न गृहीत धरून बनवलेला! पुढे त्यांनी लिहायला घेतलं, पण वेळ संपला, अर्धाच प्रोग्रॅम झाला. त्या "सॉरी" म्हणाल्या. मला म्हणायचं होतं की सॉरी मीच म्हणायला हवं, पण मुलाखत घेणाऱ्याने असलं काही बोलायचं नसतं.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. तू आणि आई बोलत नाही हे मला माहीत आहे. कोणी सांगितलं? कोणीच नाही. आजी गेली तेव्हा मी परीक्षेत होते. परत आले तर तुमचं बोलणं बंद होतं. मी ते भिंतीसारखं धरून चालले. एकदाही विचारलं नाही.

म्हणून आता विचारते, आणि सरळ उत्तर दे. बोलणं कोणी बंद केलं?

खारूताई


२९ मार्च

खारूताई,

सरळ विचारलंस, सरळ सांगते. तिने.

मी कुठे बंद केलंय? मला कोणी आजवर विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं, पण तुमच्या घरात सगळ्यांना वाटतं धाकटी तापट, म्हणजे धाकटीनेच केलं असणार. ऐक काय झालं ते. आईला दवाखान्यात नेलं तेव्हा मी इथे, दोन बस बदलून यायचं. मी पोचेपर्यंत ताईने ऑपरेशनला हो म्हणून टाकलं होतं. मी धावत जिना चढले तेव्हा आईला आत नेलं होतं. आई बाहेर आली ती बोलायच्या अवस्थेत नव्हती, आणि संध्याकाळी गेली. मला तिला नुसतं भेटायचं होतं गं. एकदा हात हातात घ्यायचा होता. मी चिडले, मान्य आहे. कोण नसतं चिडलं? त्या व्हरांड्यात मी काय काय बोलले असेन. पण मी बोलले! गप्प बसली ती ताई. तोंड मिटलं ते मिटलंच. नंतर मी इथे आले, रोज वाट बघितली, एक फोन नाही, एक ओळ नाही. तुझ्या बारशापासून प्रत्येक गोष्ट मला आधी सांगणारी माझी बहीण.

तेव्हा तुझ्या त्या निळ्या शर्टवाल्या बाईंना सांग, वाट बघणारी मी आहे. आणि बाई हुशार आहेत, त्यांना घे.

मावशी


७ एप्रिल

प्रिय मावशी,

शनिवारी आईकडे गेले होते. तुझं पत्र पर्समध्ये होतं, ते दाखवलं नाही. शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसून सोलायला लागले आणि तुला विचारलं तसंच तिलाही विचारलं.

"आई, मावशीशी बोलणं कोणी बंद केलं?"

"तिने," आई म्हणाली. शेंगेवरून नजरसुद्धा वर केली नाही.

"ती म्हणते तू."

"मी? तिनेच तर सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. 'आजपासून माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही.' मी नाही बोलले."

"अगं आई! रागात म्हणाली असेल ती!"

"असेल ना. पण ती पोचायच्या आधीच मी आईला ऑपरेशनला पाठवलं होतं. तिची भेट माझ्यामुळे चुकली. मग तिने जे मागितलं ते मी द्यायला नको? एवढं एकच मागितलं होतं तिने माझ्याकडे. 'बोल' म्हणाली की बोलेन. मी थांबलेय."

"इतकी वर्षं?"

"तिने कुठे सांगितलं कधीपर्यंत?"

मावशी, मी हसू का रडू तेच मला कळेना. दोघी वाट बघताय! माझ्या प्रश्नात तुमची जोडी घालायलाच नको होती. मी तुम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवायला निघाले होते, आणि तुम्ही दोघी दाराकडे कान लावून बसलेल्या.

त्या बाईंचं ऐक. साहेब म्हणाले, "पूर्ण झालं नाही ना? मग नको." मी म्हटलं, "बाकीच्यांनी पूर्ण केलं, पण चुकीचं धरून केलं, आणि त्यांना ते मीच दिलं होतं." बराच वाद झाला. शेवटी दुसऱ्या कोणीतरी त्यांची पुन्हा मुलाखत घेतली. सोमवारपासून त्या माझ्या शेजारच्या टेबलावर आहेत. प्रश्न मी बदलला नाही. आता थांबून बघते, विचारतं का कोणी.

मावशी, तू फक्त 'बोल' म्हण. एक शब्द. मी फोन लावून देते, तू नुसतं म्हण.

खारूताई


१५ एप्रिल

खारूताई,

मी असलं काही म्हटलेलंच नाही. "एक शब्द बोलायचा नाही" हे माझं बोलणंच नव्हे. ताईला नाटकी आठवायची सवय आहे. जे मी म्हटलंच नाही ते परत कसलं घेऊ?

आणि समजा म्हटलं असेल, तर एवढ्या शहाण्या बाईने ते धरून बसावं?

भेटीचं पार्सल वेगळं पाठवलंय. काच आहे, जपून उघड.

मावशी


२१ एप्रिल

प्रिय मावशी,

पार्सल पोचलं. आरसा फार देखणा आहे. त्यात तुझं तोंड दिसत नाही एवढीच तक्रार.

मी वाद घालत नाही. तू म्हणालीस की नाही हे तुम्हा दोघींनाच ठाऊक. फक्त एक गोष्ट तुझ्या धंद्यातली आहे म्हणून सांगते.

काल लग्नाचे कागद आईकडे सहीला नेले. तिने साक्षीदाराच्या जागी सही करायची ती नवऱ्या मुलाच्या जागी केली. कागद तसाच कचेरीत गेला असता तर माझं लग्न आईशीच लागलं असतं. मी ओरडले, "चष्मा कुठाय?" तर तो डोळ्यांवरच होता. तपकिरी काडीचा, डावी काडी वितळवून जोडलेली. तू केलेला, मावशी. आजी असतानाचा. तो नंबर आता तिला कशाला चालेल? वर्तमानपत्र हातभर लांब धरते आणि मोठे मथळे वाचून बातमी मनाने रचते.

मी म्हटलं, "चल, कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, आत्ता जाऊ." म्हणाली, "माझे डोळे ती बघते. दुसऱ्याला दाखवलेले तिला कळले तर वाईट वाटेल तिला."

बाकी ठीक. नवरदेव तुला नमस्कार सांगतात.

खारूताई


२७ एप्रिल

खारूताई,

हे पत्र ताईच्या घरून लिहितेय. कागद तिचा, पेन तिचं, आणि लिहिताना खांद्यावरून डोकावतेय ती, जरी तिला एक अक्षर दिसत नाही.

तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. तोच नंबर? इतकी वर्षं? जोडलेल्या काडीचा? माझी बहीण, आणि चाचपडत चालते? लोक काय म्हणतील, मावशीचं चष्म्याचं दुकान आणि सख्खी बहीण आंधळी! दुकानाला कुलूप लावलं, काचांची पेटी घेतली, अक्षरांचा तक्ता गुंडाळला आणि सकाळची बस पकडली.

दार तिनेच उघडलं. केस किती पांढरे झालेत गं, तू कधी लिहिलं नाहीस. बघितलं माझ्याकडे, बाजूला झाली, आत घेतलं. पाणी दिलं, खुर्ची दिली, पंखा लावला, आणि तोंडातून शब्द नाही. मीही म्हटलं, ठीक आहे, मी कामाला आलेय. तक्ता कपाटाला लावला, तिला समोर बसवलं, तपासायची फ्रेम नाकावर चढवली, एक डोळा झाकला. "वाच," म्हटलं.

तर ही बया बोटाने दाखवते! तोंड घट्ट मिटलेलं. मी विचारते, ही काच बरी की ती? ती एक बोट वर करते, दोन बोटं वर करते. पाचव्या ओळीला काय लिहिलंय, तर हवेत अक्षर काढून दाखवते. तपासणी अशी करतात का? अर्धा नंबर इकडेतिकडे झाला तर कोण जबाबदार? शेवटी माझा संयम सुटला. मी किंचाळले, "अगं ताई, तोंडाने बोल ना!"

तिने फ्रेम काढून मांडीवर ठेवली. म्हणाली, "सांगितलंस ना शेवटी?"

मग मला आठवलं, खारूताई. व्हरांडा आठवला, आणि मी काय म्हटलं होतं तेही. अगदी तिने सांगितलं तसंच. मी तिच्या गळ्यात पडून रडले, आणि ती माझी पाठ थोपटत बोलायला लागली ती थांबेचना. तुझं कॉलेज, गुडघा, शेजारीण, वीज गेली तेव्हाची गंमत, सगळं साठवून ठेवलेलं. मला निम्मं ऐकू आलं नाही. पुन्हा मोठ्याने सांगायला लावलं, तिने सांगितलं.

तुझ्या खोल्यांचं तू बघ. आम्ही दोघी एकाच सोफ्यावर बसणार, आणि काकांना जागा झाली नाही तर गच्चीवर पाठव. सहा तारखेला ताईचा नवा चष्मा घेऊन मी इथे येते, मग दोघी मिळून येऊ.

एक गोष्ट राहिली. ती तुला सांगायची की नाही याचा सकाळपासून विचार करतेय. आईला आत न्यायच्या आधी तिने ताईला एक निरोप दिला होता, माझ्यासाठी. ताईला तो मला त्याच दिवशी द्यायचा होता, पण मी तिचं तोंड बंद केलं, आणि निरोप तिच्यापाशीच राहिला. तिने तो कुणाला सांगितला नाही, तुलाही नाही, कारण तो माझा होता. काल दुपारी सगळं बोलून झाल्यावर तिने सांगितला. आई म्हणाली होती, "धाकटी उपाशी धावत येईल. मला भेटायची घाई करेल. तिला आधी जेवू घाल."

एवढं सांगून ताई उठली आणि तिने ताट वाढलं. मी जेवले गं.

मावशी